श्रेयांकांची बँक आणि बंद खिडकी

२९ जुलै २०२१ रोजी, राष्ट्रीय शिक्षण धोरणाच्या पहिल्या वर्षपूर्तीच्या निमित्ताने, 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या योजनेचा प्रारंभ पंतप्रधानांच्या हस्ते झाला. एका संस्थेत कष्टाने मिळवलेले श्रेयांक दुसऱ्या संस्थेत गेल्यावर वाया जाऊ नयेत, हा तिचा हेतू. श्रेयांक कमाल सात वर्षे वैध राहतील आणि पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतील, ही तिची चौकट. हेतू स्वागतार्हच आहे. परंतु खात्यात रक्कम जमा असणे वेगळे आणि खिडकीवर धनादेश वटणे वेगळे. श्रेयांक मान्य करायचे की नाही, याचा निर्णय विद्यार्थी ज्या संस्थेत जातो तिच्याच हाती असतो.

या खिडकीचा सर्वांत जुना अनुभव तंत्रनिकेतनांतील विद्यार्थ्यांना आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेणारा विद्यार्थी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतो. वर्षांचा हिशोब चोख आहे, असे शिक्षणखात्यातील मंडळी सांगतात. बारावीवाल्याची दोन अधिक चार आणि पदविकावाल्याची तीन अधिक तीन, दोघांचीही वर्षे सहाच! हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण शिक्षण म्हणजे काय केवळ पंचांगाची पाने उलटणे?

स्थापत्य पदविकेच्या विद्यार्थ्याने भूमापनाचे साहित्य खांद्यावरून वाहिलेले असते, काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडलेले असतात, 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स'ची गणिते सोडवलेली असतात. पदवीच्या दुसऱ्या वर्षी यांतील बराचसा भाग त्याच्यापुढे पुन्हा येतो. उलट पहिल्या वर्षाचे गणित त्याने त्या खोलीने शिकलेले नसते, आणि दुसऱ्या वर्षाचे गणित मात्र ते गृहीत धरून सुरू होते. जे येते ते पुन्हा शिकायचे आणि जे येत नाही ते येते असे मानायचे! पदविकेत उत्तम गुण मिळवणारी मुले पदवीच्या गणितात अडखळतात, तेव्हा दोष त्यांच्या बुद्धीवर ढकलणे सोयीचे असते.

'पदविकेचा अभ्यास सैद्धान्तिकदृष्ट्या उथळ, तो पदवीला कसा चालेल?' हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. दर्जाची चिंता विद्यापीठांनी करायलाच हवी. मात्र चिंतेचे उत्तर परीक्षेत असते, सरसकट नकारात नव्हे. विषयवार तुलना अशक्य आहे, असेही म्हणता येत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या पूर्वीच्या नियमांनुसार विज्ञान पदवीधर थेट दुसऱ्या वर्षात आला, तर त्याला पहिल्या वर्षाचे अभियांत्रिकी आरेखन व यामिकी हे विषय उत्तीर्ण व्हावे लागत. म्हणजे काय उणे आहे, हे नेमके ओळखण्याची रीत व्यवस्थेला ठाऊक आहे. उणे मोजणाऱ्यांना अधिक मोजण्याचे वावडे का असावे?

परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी १६० श्रेयांक आहेत. प्रत्येक विद्यापीठाने यांतील कोणते विषय पदविकेत पुरेशा खोलीने झाले आहेत, याची समकक्षता-सूची प्रवेशापूर्वी जाहीर करावी. शंका असेल तेथे आव्हान-परीक्षा घ्यावी. उत्तीर्ण होणाऱ्यास त्या विषयातून सूट द्यावी आणि वाचलेला वेळ गणिताच्या पूरक वर्गाला द्यावा. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणाऱ्यालाही हाच न्याय असावा. नकार द्यायचा असेल तर कारणासह, लेखी आणि ठरावीक मुदतीत द्यावा. आज शुल्क भरून झाल्यावर 'तुमचे हे विषय धरता येणार नाहीत' असे ऐकण्याची पाळी ज्या कुटुंबावर येते, त्याला दाद मागायला जागा कोठे आहे?

कारखाना, धरण आणि रस्ता उभा करणाऱ्या हातांची देशाला गरज आहे. ते हात बहुधा खेड्यातून, कामगारवस्तीतून, तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेतून येतात. त्यांनी घाम गाळून जमवलेली विद्येची पुंजी खोटी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. बँक उघडून झाली. आता खिडकी उघडा.