रणांगणाचें नांव आणि एक रंग

रंगांस नांवें देण्याची आपली जुनी रीत मोठी सरळ आहे. जांभळापासून जांभळा, डाळिंबापासून डाळिंबी, आमसुलापासून आमसुली, मोराच्या पिसापासून मोरपंखी. नांव उच्चारतांच ती वस्तु डोळ्यांपुढें उभी राहते. परंतु ज्या रंगास आपल्याकडील कापडाच्या दुकानांत ‘राणी’ व छापखान्यांत ‘मॅजेंटा’ म्हणतात, त्याचें हें दुसरें नांव फळाचें नाहीं, कीं पांखराचें नाहीं. तें एका लढाईचें नांव आहे. तें त्यास कसें मिळालें व तसें मिळणें कितपत योग्य झालें, याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

१८५६ सालीं विल्यम हेन्री पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज विद्यार्थी क्विनीन तयार करण्याच्या खटपटींत होता. क्विनीन साधलें नाहीं. परंतु दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलीन या द्रव्यांतून त्यास अकल्पितपणें एक सुंदर जांभळा रंग सांपडला. तेव्हांपासून युरोपांतील रसायनशास्त्रज्ञ ॲनिलीनच्या पाठीस लागले. फ्रान्समधील व्हेर्गँ नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें त्यापासून एक तेजस्वी, जांभळट तांबडा रंग काढला, आणि १८५९ च्या एप्रिल महिन्यांत लियाँ येथील रेनार बंधूंनीं त्याचें पेटंट घेतलें. फुक्सियाच्या फुलावरून त्यांनीं त्यास ‘फुक्सिन’ म्हटलें. फ्रेंच भाषेंत रेनार म्हणजे कोल्हा, व जर्मन भाषेंत कोल्ह्यास फुक्स म्हणतात. म्हणून या नांवांत मालकांच्या नांवाचाही श्लेष होता, असें सांगतात.

येथपर्यंत लढाईचा कांहींएक संबंध नव्हता. पुढें ४ जून १८५९ रोजीं इटलींतील मिलान शहराच्या पश्चिमेस मॅजेंटा या गांवीं तिसऱ्या नेपोलियनच्या फ्रेंच सैन्यानें, सार्डिनियाच्या राजाशीं सख्य करून, ऑस्ट्रियाच्या सैन्याचा पराभव केला. मिलानचा मार्ग मोकळा झाला. सेनापति मॅकमहॉन यास ‘ड्यूक ऑफ मॅजेंटा’ ही पदवी मिळाली, व त्या गांवाचें नांव युरोपांत सर्वतोमुखीं झालें. व्यापाऱ्यांनीं ही संधि साधली. इंग्लंडांतील सिम्प्सन, मॉल व निकल्सन यांच्या कारखान्यानें हाच रंग प्रथम ‘रोझीन’ म्हणून काढला होता. तो पुढें ‘मॅजेंटा’ म्हणून विकूं लागला. म्हणजे रंग आधीं, लढाई मागून, आणि दोहोंची गांठ घातली ती बाजारानें!

या नामकरणांत मला एक दोष दिसतो. त्या एका दिवसांत दोन्ही पक्षांचे मिळून सुमारें दोन हजार शिपाई ठार झाले, व जखमी झाले ते कित्येक पटींनीं अधिक. कोणी म्हणेल कीं, नांवामुळें त्यांची स्मृति तरी राहिली. परंतु खरोखर राहिली काय? मॅजेंटा रंगाचें वस्त्र अंगावर घालणाऱ्या शंभर जणांस विचारून पाहावें; त्या शिपायांची आठवण एकास तरी होईल कीं नाहीं, याची शंकाच आहे. विजयाचा गजर नांवांत शिरला, शोक मात्र बाहेर राहिला. ज्या स्मृतींत दुःखास जागा नाहीं, तिला स्मृति म्हणणें मला कठीण वाटतें.

याच्या उलट दुसरें उदाहरण पाहा. वीसच दिवसांनीं, २४ जून रोजीं, सोल्फेरिनो येथें याहूनही मोठी लढाई झाली. तिचेंही नांव एका रंगछटेस देण्यांत आलें. तें आज फारसें कोणास ठाऊक नाहीं. परंतु जिनीव्हा येथील आंरी द्यूनां या गृहस्थानें तेथील जखमी लोकांचे हाल पाहिले, मित्र कीं शत्रु हें न पाहतां गांवकऱ्यांच्या साह्यानें त्यांची शुश्रूषा केली, व १८६२ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. त्यांतूनच १८६३ सालीं रेडक्रॉस संस्थेचा पाया घातला गेला, व १८६४ सालीं जिनीव्हाचा करार झाला. रंग विसरला गेला, सेवा राहिली. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट ज्यांनीं लहानपणापासून ऐकली आहे, त्यांस याचें नवल वाटूं नये.

मॅजेंटाचेंही शेवटीं असेंच झालें. हा रंग करण्यास आरंभीं सोमलापासून केलेलें आम्ल बरींच वर्षें वापरीत, आणि तें कामगारांस व आसपासच्या विहिरींस घातक असे. परंतु १८८२ सालीं रॉबर्ट कॉख यानें क्षयाचे जंतु शोधून काढल्यावर त्सील व नील्सन या दोघांच्या प्रयत्नांनीं याच फुक्सिनचा नवा उपयोग सिद्ध झाला. फिनॉलमध्यें मिसळलेलें फुक्सिन थुंकीच्या नमुन्यावर घातलें म्हणजे क्षयाचे जंतु तांबडे होतात, व मग आम्लानें धुतलें तरी त्यांचा रंग सुटत नाहीं. आजही अनेक प्रयोगशाळांत या पद्धतीनें क्षयाचें निदान होतें.

म्हणून माझें मत असें कीं, नांव विजयानें थोर होत नाहीं. तें बाजारांत मिळतें व बाजारांतच जुनें होतें. मॅजेंटा या रंगास मान द्यावयाचा तर सेनापतीच्या पदवीसाठीं नव्हे, तर त्याच्या साह्यानें ज्या रोग्यांचा रोग वेळींच ओळखला गेला, त्यांच्यासाठीं द्यावा. विद्यार्थ्यांनीं इतिहासांतील मोठीं नांवें पाठ करतांना त्या नांवांखालीं कोण गाडले गेले, आणि त्यांतून पुढें कोणाचें कल्याण झालें, हे दोन प्रश्न विचारण्याची संवय ठेवावी.