विवाहाची परीक्षा

अमेरिकेत दोन वर्षांहून अल्प मुदतीच्या विवाहावर मिळालेले ग्रीन कार्ड सशर्त असते. मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत संसार खरा असल्याचे पुरावे दिल्यावर अटी उठतात. बनावट विवाह रोखण्याचा १९८६ च्या कायद्याचा हेतू आम्हांस मान्य आहे. मात्र परीक्षा विवाहाची व्हावी, वंशाची नव्हे. हा भेद चौलच्या किनाऱ्याला पुरता ठाऊक आहे. येथून इस्रायलला गेलेल्या मराठीभाषी बेने इस्रायलांनी इतर ज्यूंशी विवाह करावयाचा, तर पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी, असा दंडक तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये घातला. चेऊलकरांनी पुरावे आणावेत कोठून? समाजाने निकराचा लढा दिला. १९६४ मध्ये संसदेने कानउघाडणी केल्यावर नियमांतून त्यांचे नाव गळाले. सत्तेने संसार खुशाल तपासावा. कुळाला आरोपी करू नये.