ड्रोनचा अँटेना : कंदील की बॅटरी?



गावात पहिला टीव्ही आला ते दिवस अनेकांना आठवत असतील. एकजण माळवदावर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून पोरे ओरडायची, "आलं, आलं... गेलं!" तेव्हा चित्र गेले तर बातम्या बुडत. आता फवारणीच्या ड्रोनचे चित्र गेले तर लाखोंचे यंत्र विजेच्या तारेत जाते.

मागच्या खरिपात मानवत भागात बचत गटाच्या एका ताईंची फवारणी पाहायला गेलो होतो. तूर छातीच्या वर गेलेली. पलीकडच्या टोकाला लिंबाची रांग, तिच्या कडेने तार. ताई सावलीसाठी आखाड्याच्या भिंतीआड उभ्या. ड्रोन टोकाला पोचला आणि पडद्यावरचे चित्र फुटू लागले. ताईंनी घाईने अँटेनाची टोके बंदूक रोखावी तशी ड्रोनकडे धरली. चित्र पारच गेले! यंत्र जागीच थांबवून त्या मोकळ्या धुऱ्यावर आल्या, अँटेना उभे केले, तेव्हा चित्र परतले. तार तेव्हा दोन वावांवर होती.

चूक कोठे झाली? काडीसारख्या अँटेनाच्या लहरी कंदिलाच्या उजेडासारख्या चोहीकडे पसरतात; पण टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच जात नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. म्हणून ड्रोन दूर असेल तर काडी उभी धरावी, तिची बाजू ड्रोनकडे हवी.

दुसरा प्रकार चपट्या वडीसारखा, त्याला पॅच म्हणतात. तो बॅटरीच्या झोतासारखा. समोर लांबवर पोचतो, बाजूला आंधळा. लांबट, सरळ पट्टीच्या शेताला तो चांगला. पण तोंड सतत ड्रोनकडे ठेवावे लागते. पायलटच्या चारी बाजूंनी ड्रोन फिरणार असेल तर काडीच बरी. दोन अँटेना लावता येतात अशा वेगळ्या पडद्याला एक काडी, एक पॅच ही जोडी उत्तम.

आकाशवाणी परभणीची 1305 किलोहर्ट्झची लहर सुमारे 230 मीटर लांब. ड्रोनची 2.4 गिगाहर्ट्झची लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर, तर 5.8 ची पाच सेंटिमीटरच्या आसपास. इतक्या आखूड लहरींना पाण्याने भरलेला ऊस, ओली झाडे, भिंत, एवढेच काय, आपले शरीरही आडवे येते. 5.8 ला तर जास्तच. त्यात अंतर दुप्पट झाले की मिळणारी शक्ती चौथाईवर येते.

निवडताना एवढे पाहावे :

1. अँटेना आपल्या यंत्राच्या लहरीचाच हवा. 2.4 चा 5.8 ला चालेलच असे नाही.

2. काही अँटेनांच्या लहरी पिळाच्या असतात, उजव्या किंवा डाव्या. दोन्हीकडे एकच पीळ हवा. उजव्या आट्याच्या नटात डाव्या आट्याचा बोल्ट बसतो का?

3. जोडणीचा मधला भाग पाहून घ्यावा. बाहेरून आटे जुळले तरी आतली पिन नसेल तर जोड लागत नाही.

4. अँटेना बसवल्याशिवाय बॅटरी कधीही जोडू नये. प्रक्षेपक तापून जळू शकतो.

5. प्रमाणित ड्रोनला बाजारातील 'जास्त ताकदीचा' अँटेना परस्पर लावू नये. शक्तीला कायद्याची मर्यादा आहे. कंपनीचाच घ्यावा.

नमो ड्रोन दीदी योजनेला नोव्हेंबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यात खर्चाच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख रुपये मदत ठेवली. उरलेला भार गटावरच. ते यंत्र एका काडीपायी गमावू नये. औषध भरण्याआधी नुसते पाणी घेऊन एक फेरी मारावी, चित्र कोठे फुटते ते पाहावे आणि त्याच्या अलीकडेच थांबावे. परतीची उंची झाडे व तारा यांच्या वर ठेवावी.

आणि चित्र गेलेच, तर पडद्याशी झटू नये. यंत्र थांबवावे, मान वर करून डोळ्यांनी पाहावे. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवण्याचा नियम त्याचसाठी आहे.