खाणीच्या पैशावरचं दैनिक

आपल्या हिंगोली जिल्ह्यात खाण नाही. तरी खाणीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या एका मराठी दैनिकाची गोष्ट इथल्या वाचकाला सांगावीशी वाटते, कारण तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. आपण 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या तावडीतून सुटलो. गोवा 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगिजांच्या. दोन्हीकडे भारतीय सैन्याला यावं लागलं, आणि दोन्हीकडे तोवर मराठी छापणाऱ्याच्या मानेवर सरकारचा हात होता. गोव्यात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा. तो खोडील ते खोडील, उरेल ते छापायचं.

गोवा मुक्त झाल्यावर जेमतेम तीन महिन्यांत, 24 मार्च 1962 ला, पणजीत ‘गोमन्तक’ सुरू झाला. पैसा चौगुल्यांचा, म्हणजे लोहखनिजाचा. डिचोली, सांगे, सावर्डे या भागातली माती खणून बार्जमधून मांडवी-झुवारीच्या पात्रातून मुरगाव बंदराला न्यायची आणि तिथून जहाजानं जपानला पाठवायची, हा त्या घराण्याचा धंदा. पहिले संपादक बा. द. सातोस्कर. पुढं ‘गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती’ हा मोठा ग्रंथ लिहिणारा हा माणूस. वर्षभरात दुसरं खाण घराणं, धेंपे, इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ घेऊन उतरलं आणि 1970 मध्ये त्यांचा मराठी ‘नवप्रभा’ आला. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हेही खाणमालकच. एवढ्याशा प्रदेशात खाण, छापखाना आणि सत्ता अशी शेजारी-शेजारी नांदत होती.

मग विलीनीकरणाचा प्रश्न पेटला. गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा? ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूनं उभा राहिला. समोर मडगावचा ‘राष्ट्रमत’, आणि त्यात उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर. महाराष्ट्रात जायचं नाही, हे ‘राष्ट्रमत’नं गोवेकरांना मराठीतूनच पटवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. बांदोडकरांनी या प्रश्नावरच्या जनमत कौलाआधी मुख्यमंत्रिपद सोडलं. 16 जानेवारी 1967 ला मतदान झालं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. आम्ही मराठवाडेकर महाराष्ट्रात आलो ते नागपूर करारावर विश्वास ठेवून. असा कौल आम्हाला कुणी विचारला नाही. त्यामुळं गोव्यातल्या त्या छापील लढाईचा मला हेवा वाटतो. दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रं हातात घेऊन माणसं मतदानाला गेली.

खाणमालकांना मी खलनायक ठरवणार नाही. त्यांचा पैसा नसता तर मुक्त गोव्यात मराठी दैनिक इतक्या लवकर उभं राहिलं नसतं. पण भाषेवर, विलीनीकरणावर बेधडक लिहिणं एक आणि मालकाच्या ट्रकनं उडवलेल्या धुळीवर लिहिणं दुसरं. सावर्डे-कुडचड्याच्या रस्त्यावर ती लाल धूळ झाडांच्या पानांवर, कौलांवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. पाऊस आला की तीच शेतात उतरायची. बातमीदारांनी लिहिलं नाही असं नाही. पण 2012 मध्ये खाणी थांबल्या त्या न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानं, गोवा फाउंडेशनच्या याचिकेनं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं. मार्च 2018 मध्ये त्या पुन्हा थांबल्या, तेही न्यायालयामुळंच. पिढ्यान्‌पिढ्या धूळ खाणाऱ्या गावांना दाद मागायला दिल्ली गाठावी लागली. ‘गोमन्तक’ पुढं ‘सकाळ’ समूहाकडे गेला, ‘राष्ट्रमत’ बंद पडला.

आपल्याकडे आ. कृ. वाघमाऱ्यांनी निजामाच्या बंदीशी झगडत ‘मराठवाडा’ काढला. अनंतराव भालेरावांनी तो पुढं चालवला. त्याच्या पाठीशी खाण नव्हती, कारखाना नव्हता. त्याच्या भूमिका सगळ्यांना पटल्या असं नाही, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी तर मुळीच नाही. पण त्या कुणा उद्योगपतीच्या सोयीच्या नव्हत्या. ते दैनिक आज निघत नाही.

आज वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, हिंगोली, कुठल्याही तालुक्यातलं छोटं पत्र उघडा. एका पानावर निविदा आणि जाहीर सूचना, दुसऱ्यावर पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फोटो. संपादकाला दोष देण्याआधी कागदाचा आणि छपाईचा भाव विचारा. मग कळेल की जो बिल भरतो त्याच्या गावात पत्राचा आवाज हळू होतो. आपल्याकडे खाण नसली तरी वाळूचे घाट आहेत, ठेकेदार आहेत, त्यांच्या जाहिराती आहेत.

म्हणून एक विनंती. तुमच्या तालुक्यातलं जे पत्र गावच्या पाण्याची, पीकविम्याची बातमी नावानिशी छापतं, त्याची वर्षाची वर्गणी याच महिन्यात भरा. फुकटचा अंक मागू नका.