आधी खर्च, मग पैसे
ब्रिटनच्या राष्ट्रकुल शिष्यवृत्तीत फी आणि विमानभाड्याबरोबर गरम कपड्यांसाठीही भत्ता मिळू शकतो. १९५९ साली ऑक्सफर्डच्या परिषदेत ठरलेल्या या योजनेतला अभ्यासप्रवासाचा निधी आम्हाला मात्र अधिक मोलाचा वाटतो. संशोधकाचं पुढचं काम पुष्कळदा परिषदेतल्या निबंधवाचनात नव्हे, नंतरच्या चहाच्या रांगेत ठरतं. आणि त्या रांगेपर्यंत पोचायला तिकीट लागतं. परिषदांसाठी अनेक विद्यापीठंही पैसे देतात. पण बऱ्याचदा आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग वाट पाहा! परक्या शहरात खोलीचं भाडं भरून उरलेल्या पैशांत नोंदणी, व्हिसा, तिकीट कोण काढणार? ज्याला घरून पैसे येतात तो. निधी देणाऱ्यांनी रक्कम वाढवण्याआधी ती आगाऊ द्यावी. पावत्या नंतरही तपासता येतात.