तीस रकाने भरले, त्यात भंडारा कुठे आहे?

आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक नवी फुशारकी ऐकू येते. महिनाभराचा कंटेंट म्हणे दहा मिनिटांत तयार होतो. एआयला सांगायचे, आंबेडकरी पेजसाठी तीस पोस्ट दे. तारीख, विषय, मथळा, हॅशटॅग, रीलची कल्पना असे सगळे रकाने भरून येतात. मग कॅनव्हावर निळी पोस्टर बनवायची, एकदम शेड्यूल करायची आणि महिनाभर मोकळे व्हायचे. मोकळे होऊन करायचे काय, हे मात्र कुणी सांगत नाही.

आम्ही यंत्राच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. यंत्राचा विटाळ मानणे आपल्याला शोभत नाही. गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू बाबासाहेबांनीच घेतली होती. माणसाच्या जिवाला फुरसत मिळाली तरच तो विचार करू शकेल, संस्कृती घडवू शकेल आणि ती फुरसत यंत्रच देईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून आमचा प्रश्न यंत्राने वाचवलेल्या वेळेचा आहे. तो वेळ वस्तीत जातो की पुढचे रील पाहण्यात?

एका एआय साधनाला आम्ही भंडारा जिल्ह्यातील आंबेडकरी पेजसाठी जानेवारी आणि सप्टेंबर या दोन महिन्यांची आखणी मागितली. जानेवारीत 1 तारखेला भीमा कोरेगाव, 3 तारखेला सावित्रीमाई, 26 तारखेला प्रजासत्ताक दिन, 31 तारखेला 'मूकनायक'. ठीकच आहे. पण 9 जानेवारीला 'सकारात्मक विचार' होता! 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बाळे गेली. सप्टेंबरमध्ये 5 तारखेला राधाकृष्णन यांच्या शुभेच्छांचे पोस्टर सुचवले होते. आंबेडकरी पेजवर! 24 तारखेला सत्यशोधक समाजाचा स्थापना दिन नव्हता, पुणे करारही नव्हता. आणि 29 सप्टेंबरला 'जागतिक हृदय दिन' होता.

29 सप्टेंबर म्हणजे काय, हे मोहाडी तालुक्यातल्या कुठल्याही बौद्ध घरात विचारा. 2006 साली त्या दिवशी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना ठार मारले गेले. तारीख सुटली, ती आपण हाताने घालू शकतो. खरे दुखणे पुढे आहे. आम्ही त्याच साधनाला खैरलांजीवर मजकूर मागितला, तेव्हा पहिल्याच ओळीत आले, 'जमिनीच्या वादातून घडलेली घटना'. हे कुठून आले? यंत्र स्वतः गावात जात नाही. आधी कुणीतरी लिहून ठेवलेले ते वाचते. 2006 मध्ये मोठ्या वृत्तपत्रांनी आधी बातमीकडे पाठ फिरवली, मग अनैतिक संबंधांची कुजबुज छापली. कार्यकर्ते गावात गेले, सत्यशोधन अहवाल लिहिले गेले, नोव्हेंबरमध्ये विदर्भ रस्त्यावर आला, तेव्हा कुठे देशाने खैरलांजी हे नाव ऐकले. न्यायालयांतही जातीचा मुद्दा टिकू दिला गेला नाही. सप्टेंबर 2008 मध्ये भंडारा सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, जुलै 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची शिक्षा केली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही ठिकाणी लागला नाही. ज्या लिखाणाने जात पुसली, तेच लिखाण आज यंत्राच्या पोटात आहे. आपण ते न तपासता निळ्या पोस्टरवर छापले, तर जात पुसण्याचे काम या वेळी आपल्याच पेजवरून होईल. भैयालाल भोतमांगे 2017 मध्ये गेले, तोपर्यंत जे सांगत होते, ते आपणच खोडून काढू.

त्याहून वाईट म्हणजे 'खरे वाटेल असे' चित्र एआयकडून काढून घेण्याची टूम. मृतांचे खोटे चेहरे, खोटे रक्त, खोटी झोपडी. उद्या कुणी उभा राहून म्हणेल की यांची चित्रेही बनावट आणि यांचे अत्याचारही बनावट. त्याला आपण काय उत्तर देणार?

कायद्याच्या पोस्टचा धोका तर थेट आहे. 'ॲट्रॉसिटीची तक्रार कशी करावी' या पोस्टच्या कच्च्या मसुद्यात यंत्राने लिहिले की गुन्हा नोंदवण्याआधी पोलीस प्राथमिक चौकशी करतील. ही 20 मार्च 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातली गोष्ट आहे. त्याविरुद्ध 2 एप्रिलला भारत बंद झाला, त्याच वर्षी संसदेने कायद्यात कलम 18 अ घालून प्राथमिक चौकशीची अट काढली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. बंदमध्ये ज्यांचे जीव गेले, त्यांनी मिळवलेली गोष्ट एका पोस्टने परत द्यायची? ठाण्यात उभी असलेली बाई मोबाईलवर आपली पोस्ट दाखवेल आणि ठाणेदार म्हणेल, बघा, तुमचेच लोक लिहितात चौकशी आधी.

काही गट तर पीडितांच्या फिर्यादीची प्रत, नाव-गाव-जातीसकट, या साधनांत टाकून 'भावनिक पोस्ट बनव' म्हणतात. हे ताबडतोब थांबवा. ज्या घराला गावात राहायचे आहे, त्याचा कागद परक्या कंपनीच्या संगणकावर पाठवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

बाबासाहेबांच्या नावाने खपवल्या जाणाऱ्या सुविचारांबद्दल थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांत आणली, वसंत मून यांनी त्यात आयुष्य घातले. खंड आणि पान सांगता येत नसेल, तर वाक्य टाकू नका. यंत्र खंड-पानही सांगते म्हणाल, तर ते पान उघडून बघा. गंमत कळेल.

आणि भाषा! 'चला तर मग जाणून घेऊया' ही कुठल्या वस्तीची भाषा आहे? यंत्राने शेतकऱ्यांसाठी 'भात लावणी' लिहिले. आपल्या झाडीत रोवणा असतो, बांधी असते, धुरा असतो, पाणी बोडीतून नाहीतर मामा तलावातून येते. रोवण्याच्या दिवसांत बाया दुपारपर्यंत चिखलात असतात, हे माहीत असलेला माणूस सकाळी अकराला लाइव्ह ठेवणार नाही. यंत्राने 'सर्वाधिक एंगेजमेंटची वेळ' म्हणून नेमकी तीच वेळ दिली होती.

यावर मित्र म्हणतात, समोरच्यांचे आयटी सेल रोज शेकड्याने पोस्ट टाकतात, आपण गावठी पद्धतीने किती पुरणार? मुद्दा खरा आहे. पण त्यांच्याइतके टाकायचे म्हणून त्यांच्यासारखे टाकायचे का? 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब याच भंडाऱ्यातून लोकसभेला उभे होते. मतदारसंघ दोन जागांचा, प्रत्येकाला दोन मते. दुसरे मत कुजवले तर बाबासाहेब निवडून येतील, असे कार्यकर्त्यांचे गणित होते आणि बाबासाहेबांनी त्याला नकार दिला, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली. ते हरले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले. आता लाइकसाठी आपण बनावट वाक्ये आणि बनावट चेहरे वापरायचे?

उलट बाजूही बघा. यंत्राला जे जमते, ते त्याच्याकडून चोपून करून घ्यावे. शासन निर्णयाच्या पंधरा पानांचा गोषवारा काढावा आणि मूळाशी ताडून पाहावा. भाषणाच्या व्हिडिओला अक्षरे लावावीत. एकच मजकूर इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲपच्या मापात कापावा. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकहाती लिहावे लागले. हाताशी माणूस नाही, पैसा नाही, ही अडचण त्यांना माहीत होती, आपल्यालाही आहे. ओझे कमी होत असेल तर करावे. विषय मात्र आपण ठरवायचा.

आमचा सप्टेंबरचा तक्ता आम्ही विहारात बसून, आधी वहीत केला. पहिल्या आठवड्यात महाडीबीटीवरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि स्वाधारचा अर्ज: कागद कोणते, कुणाचा कुठे अडला. दुसऱ्यात पवनीकडची गोसीखुर्दची विस्थापित गावे: पुनर्वसनात काय मिळाले आणि काय नाही, ते तिथलीच माणसे बोलतील, कॅमेरा आमचा. 17 तारखेला पेरियार, 24 तारखेला सत्यशोधक समाज आणि पुणे करार. आठ रकाने रिकामे ठेवले आहेत, गावातून जे येईल त्यासाठी. प्रत्येक पोस्टपुढे तपासणाऱ्याचे नाव आहे, कायद्याच्या पोस्टपुढे वकिलाचे. तीसऐवजी सोळाच पोस्ट होतील. चालेल.

29 तारखेला चित्र नाही, रील नाही. चौघांची नावे, 2006, 2008 आणि 2010 या तारखा आणि कोणता कायदा लागला नाही, एवढेच काळ्या अक्षरांत जाईल. त्या दिवशी पेज सांभाळायला एकच जण थांबेल, बाकीच्यांनी सकाळी मोहाडीला जायचे आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आपापल्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना आधी कळवावे.

जय भीम.