मुदत नसलेली कोठडी

सणाच्या अंकात कैदेचा विषय नको, असे काही स्नेह्यांनी सुचवले होते. तरीही यंदाचा विशेष विभाग आम्ही निर्वासितांच्या स्थानबद्धतेला दिला आहे. या अंकाचे अनेक वाचक मेलबर्न-सिडनीत स्थिरावले आहेत, तिथे मतदान करतात. आणि व्हिसाशिवाय आलेल्याला आधी कोंडायचे, मग त्याची कहाणी ऐकायची, हा सरसकट नियम ज्या देशाने कायद्यात लिहून ठेवला, तो देश ऑस्ट्रेलियाच आहे.

1992 मध्ये पॉल कीटिंग यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने हा कायदा आणला आणि विरोधी पक्षानेही त्याला साथ दिली. होडीने आलेल्यांच्या त्या कोठडीला तेव्हा निदान 273 दिवसांची मर्यादा होती. 1994 मध्ये तीही गेली. आमच्या मते खरा अन्याय तिथून सुरू झाला. चोरी करणाऱ्याला न्यायाधीशासमोर उभे करतात, शिक्षा किती ते सांगतात. इथे आरोपच नसतो, त्यामुळे सुटकेची तारीखही नसते. कुवेतमध्ये जन्मलेल्या, कोणत्याच देशाचे नागरिकत्व नसलेल्या एका पॅलेस्टिनी माणसाला कुठलाही देश घ्यायला तयार नव्हता. मग त्याला बेमुदत डांबले तरी चालेल, असा निकाल ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी दिला. तो उलटायला 2023 चा नोव्हेंबर उजाडला. या वेळी अर्जदार एक रोहिंग्या होता. त्याच्या हातून गंभीर गुन्हा घडला होता, आणि त्याच्यासारख्यांना बाहेर सोडल्यावर तिथे मोठा गदारोळ उठला. पण गुन्ह्याची शिक्षा न्यायालय देते. तुरुंगातून बाहेर आलेल्या माणसाला केवळ परका म्हणून पुन्हा आत टाकण्याचा अधिकार सरकारला का असावा?

या धोरणाचे समर्थक समुद्रातल्या मृत्यूंकडे बोट दाखवतात. ते दुःख खरे आहे. ऑक्टोबर 2001 मध्ये इंडोनेशियाहून निघालेली एक बोट बुडाली आणि 353 जण गेले, त्यांत कितीतरी मुले होती. अशा बोटी निघूच नयेत, असे कोणालाही वाटेल. परंतु किनाऱ्याला पोहोचलेल्या माणसाला कोंडून बुडणारा वाचत नाही. एकाचे हाल करून दुसऱ्याला धाक घातला जातो, एवढेच. ज्याने काही केलेले नाही त्याला इतरांसाठी इशारा म्हणून वापरणे आम्हाला मान्य नाही, मग त्यामागचा हेतू कितीही चांगला सांगितला जावो.

हा धाक पुढे देशाबाहेर, नाउरू आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर नेला गेला. जुलै 2013 नंतर होडीने येणाऱ्याला ऑस्ट्रेलियात कधीच वसू देणार नाही, असे जाहीर झाले. त्या बेटांवर ठेवलेल्यांपैकी बहुसंख्य तपासाअंती खरेच निर्वासित ठरले, हे विसरू नये. बेहरूझ बुचानी हा इराणमधला कुर्द पत्रकार मानुसवर होता. त्याला तिथे एमईजी 45 या क्रमांकाने ओळखत. त्याने फोनवर फारसीत मजकूर टंकून, तुकड्यातुकड्यांनी बाहेर पाठवून पुस्तक पुरे केले. जानेवारी 2019 मध्ये त्या पुस्तकाला ऑस्ट्रेलियातला एक मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. तो घ्यायला लेखकाला त्या देशात पाऊल ठेवता आले नाही. दिवाळी अंक काढणाऱ्यांना ही गोष्ट विशेष लागते.

आपण कुठे उभे आहोत, हेही बोलले पाहिजे. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. आपल्या देशात कोंडलेल्या रोहिंग्यांबद्दलही हाच प्रश्न विचारावा लागेल. आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आठवणही ठेवावी लागेल. सोव्हिएत संघात हद्दपार झालेले, इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, मुख्यतः बायका आणि मुले, 1943 पासून युद्ध संपल्यानंतरही काही वर्षे तिथल्या छावणीत राहिले. मुलांसाठी शाळा होत्या, प्रार्थनेला चर्च होते. पुढे त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेल्या सिंधी कुटुंबांनी गांधीनगर वसवले.

किती जणांना घ्यायचे, हा वाद प्रत्येक देशाने जरूर घालावा. मात्र कोठडीला कायद्याने मुदत हवी, ठरावीक दिवसांत न्यायाधीशासमोर सुनावणी हवी, आणि मुलांना तर एक रात्रही आत ठेवू नये. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या वाचकांनी येत्या निवडणुकीत आपल्या उमेदवाराला या तीन गोष्टींबद्दल विचारावे.